पहिला अर्धा तास आपला

कागदोपत्री पाहिलं तर आपल्या भागात उन्हानं फारसं कुणी मरत नाही. माणूस चक्कर येऊन पडतो, 'अटॅक' येऊन जातो, नाहीतर झोपेतच जातो. मे महिन्यात बांधावर कोसळलेल्या म्हाताऱ्याच्या अंगात किती ताप होता, हे बघायला तिथं थर्मामीटर कुणाकडे असणार? आणि डिसेंबरात रात्रभर हरभऱ्याला पाणी देऊन पहाटे आखडून पडलेला माणूस गारठ्यानं गेला, असं कोण लिहून ठेवणार?

अहमदाबादेत हेच झालं होतं. मे २०१० मध्ये तिथं उन्हाची भयंकर लाट आली. पुढे अभ्यासकांनी मृत्यूच्या नोंदी काढल्या, आदल्या आणि पुढच्या वर्षाच्या मे महिन्याशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्या एका महिन्यात १,३४४ माणसं जास्तीची गेल्याचं दिसलं. आकडा समोर आला तसं शहर हललं. २०१३ मध्ये अहमदाबादनं उष्णतेसाठीचा कृती आराखडा केला. दक्षिण आशियातला तो पहिला. नंतर नागपूरनंही केला.

शहरांना महापालिका आहे. आपल्या नेकनूरचं काय? येळंबघाटाचं, लिंबागणेशचं, आसपासच्या वाड्यावस्त्यांचं काय? आपण बालाघाटाच्या पठारावरची माणसं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि दिवाळीनंतर उघड्या रानात हुडहुडी भरते. मराठवाड्यात थंडी ती काय, असं पुण्या-मुंबईकडं वाटतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या नोंदी बघा, पारा ५ अंशांच्याही खाली गेलेला सापडेल.

नेकनूरला सरकारी रुग्णालय आहे. १०८ ला फोन केला की गाडी येते. बीडचं जिल्हा रुग्णालय मांजरसुंब्याचा घाट उतरलं की आहे. पण माणूस काही रुग्णालयाच्या दारात पडत नाही. तो फडात पडतो, जनावरांच्या बाजारात पडतो, लग्नाच्या मांडवात पडतो. तिथं त्या वेळी आपण असतो, डॉक्टर नसतात. आणि उष्माघातात सगळा खेळ पहिल्या अर्ध्या तासाचा आहे. तेवढ्या वेळात अंगातला ताप उतरवला तर माणूस बहुधा वाचतो. उशीर झाला तर मेंदू, मूत्रपिंड, यकृत एकेक करून निकामी होत जातं. दवाखाना लागतोच; पण पहिला उपचार पाण्याचा आहे आणि तो आपणच करायचा आहे.

आपल्या हातून निसटतंय ते दुहेरी आहे. माणसं जातायत, आणि माणसं वाचवणारी वहिवाटही जातेय. माळवदाची घरं घ्या. जाड भिंती, वर पांढऱ्या मातीचा थर, दुपारी आत गारवा. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात तसल्याच जड छपरांखाली माणसं गाडली गेली आणि माळवदाची भीती बसली. ती रास्तच होती. पण त्या जागी पत्रे आले, आणि मेच्या दुपारी पत्र्याखालच्या खोलीत म्हातारं माणूस किंवा बाळंतीण कशी राहते, हे आपण बघतोच. रस्ते रुंद झाले, कडेचे लिंब आणि वड गेले. पाणपोईचे रांजण गेले, विकतचे जार आले. पूर्वी बारा ते चार कुणी रानात काम धरत नसे. आता उक्त्या कामाचा हिशोब उन्हाकडं बघत नाही. हे सगळं जुनंच परत आणा, असं मी म्हणत नाही. तेव्हाही माणसं मरत होतीच. पण सावली, पाणी आणि दुपारचा विसावा या तीन गोष्टी आपण एकमेकांसाठी राखून ठेवायचो, तेवढ्या तरी वाचवू या.

शरीराचं काम माठासारखं चालतं. माठ पाझरतो, ते पाणी हवेत उडून जातं, म्हणून आतलं गार राहतं. घामही असाच वाळला पाहिजे, तरच अंग निवतं. हवा दमट असली की घाम निथळतो, पण वाळत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला 'महाराष्ट्र भूषण' पुरस्काराच्या सोहळ्यात काय झालं ते आठवा. पारा ३८ अंशांच्या आसपास. आपल्या हिशोबानं ते काही फार नाही. पण खाडीकाठची दमट हवा, डोक्यावर छत नाही, लाखोंची गर्दी आणि तासन्‌तास बसणं. श्रद्धेनं आलेली चौदा माणसं गेली. तेव्हा 'आम्हाला उन्हाची सवय आहे' हे जरा जपून म्हणू या. नुसता पारा बघून उन्हाचा अंदाज येत नाही.

ओळखायचं कसं?

सुरुवात साधीच असते. पायात गोळे येतात. उन्हाळी लागते, लघवी पिवळीधमक होते. डोकं दुखतं, मळमळतं, अंग घामानं चिंब होतं, भोवळ येते. इथवर माणूस नीट बोलत असतो. त्याला सावलीत घ्या, आडवं करा, पाय जरा वर ठेवा, अंगावरचे कपडे सैल करा आणि मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजा. बहुतेक जण अर्ध्या तासात सावरतात. सावरलं म्हणून त्याच दिवशी पुन्हा उन्हात मात्र जायचं नाही.

त्यापुढची पायरी जिवावरची. अंगातला ताप ४० अंशांवर, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या पुढे जातो आणि मेंदू गडबडतो. माणूस भलतंच बोलतो, विनाकारण चिडतो, झोकांड्या खातो, त्याला झटके येतात, शुद्ध हरपते. थर्मामीटर शोधत बसू नका. विचारा: नाव काय, गाव कोणतं, आज वार कोणता? अंग कढत आणि उत्तरं गडबडलेली असतील तर तो उष्माघात समजा आणि कामाला लागा.

यात दोन चकवे आहेत. उष्माघातात घाम थांबतो असं आपण ऐकलेलं असतं. घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचं बहुधा तसंच होतं. कातडी कोरडी पडते. पण राबणारा तरणा गडी घामानं निथळत असतानाही उष्माघातानं कोसळतो. दुसरा चकवा जास्त वाईट. माणूस बरळायला लागला की कुणीतरी म्हणतं, 'प्यायलाय', कुणी म्हणतं, 'बाहेरचं लागलं'. मग अंगारा लावण्यात, नाकाला कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात तो अर्धा तास निघून जातो. अंगारा लावायचाच असेल तर एकानं लावावा, बाकीच्यांनी पाणी ओतावं.

आता उपचार. एकानं १०८ लावायचा, बाकीच्यांनी पाणी आणायचं. माणसाला सावलीत ओढा, जाडजूड कपडे काढा. बाई असेल तर चार बायकांनी आडोसा धरून तिचं सगळं करावं, लाजेपायी थांबू नका. डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओता आणि वारा घाला: पंखा, पुठ्ठा, सूप, टॉवेल, जे हाती येईल ते. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा आहे, इथं ओल्या अंगावर घातलेला वारा झपाट्यानं काम करतो. ओली चादर टाकली असेल तर ती तापायच्या आत पुन्हा भिजवा. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत ठेवा. बाजाराच्या गावात बर्फाला काय तोटा? रसवंतीवर असतो, गोळेवाल्याकडे असतो, कोल्ड्रिंकच्या दुकानात असतो.

सगळ्यात गुणकारी उपाय मात्र आपल्या प्रत्येकाच्या घरात घडी घालून ठेवलेला आहे: ताडपत्री. पडलेल्याला ताडपत्रीवर निजवायचं, चौघा-पाचजणांनी कडा उचलून धरायच्या, म्हणजे मधे खोलगट होतं. त्यात थंड पाणी आणि बर्फ ओतायचं आणि पाणी अंगावर हलवत राहायचं. एकानं डोक्याशी बसून तोंड आणि नाक पाण्याबाहेर राखायचं. लष्करी सरावात आणि मॅरेथॉनच्या मैदानावर हा उपाय वापरतात. तिथं टब नसला की ताडपत्री काढतात. आपल्याकडे ती सोयाबीन झाकायला असतेच. माणूस भानावर आला, नीट बोलायला लागला किंवा कुडकुडू लागला की थांबायचं आणि दवाखान्यात न्यायचं. गाडी आधी आली तरी वाटेत ओलं करणं, वारा घालणं चालू ठेवा.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. ते फुफ्फुसात जातं. कुशीवर वळवून ठेवा. झटके येत असतील तर दातांमध्ये काही कोंबू नका. श्वासच चालत नसेल तर छातीच्या मधोमध दाब देणं सुरू करा. तापाची गोळी इथं चालत नाही, कारण हा ताप जंतूंचा नसतो. आणि खिशातला कांदा? जेवताना खा, चांगला आहे. खिशात ठेवून तो ऊन अडवत नाही.

शुद्धीत असलेल्यासाठी ताक आहे, पन्हं आहे, लिंबू-सरबत आहे. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ; चमचा चहाचा. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं असंच पाणी नातेवाइकांच्या हातांनी पाजून हजारोंचे जीव वाचवले. हात नातेवाइकांचे होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्या जिल्ह्याचं या विषयाशी आणखी एक नातं आहे, आणि त्यावर थोडं थांबायला हवं. ऊसतोड. दिवाळीच्या आगंमागं टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि पट्टा पडेपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. म्हणजे एकाच हंगामात कोयत्यानं, तोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीनं, कडाक्याची थंडीही सोसायची आणि ऊनही. पहाटे दवानं भिजलेल्या फडात शिरायचं, अंग ओलं, अंगावर स्वेटर असला तर असला. कोपीत बाळ झोपलेलं. आणि हंगामाच्या शेवटी तोच फड भाजून काढतो.

मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड्यांचीही हीच कथा. तिथं तरुण मजुरांची मूत्रपिंडं निकामी होत होती. ऊन, कष्ट आणि अपुरं पाणी यांचा त्याच्याशी संबंध आढळला. निकाराग्वातल्या सान अँटोनिओ साखर कारखान्यात मग पाणी, विश्रांती आणि सावली यांची शिस्त बसवली: ठरावीक वेळानं थांबायचं, हलवता येणाऱ्या मांडवाखाली बसायचं, प्यायचं, मग पुन्हा कोयता. मजुरांच्या मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाली. आपल्या कारखान्यांना आणि मुकादमांना हे जमणार नाही असं मला वाटत नाही. मुकादम आपल्यातलाच, गावातलाच असतो. त्याला उचल सुटते की नाही याची चिंता असते, तशी माणूस पडला तर काय याचीही असतेच. प्रत्येक टोळीबरोबर एक ताडपत्री, पाण्याचे भरलेले ड्रम आणि ओआरएसच्या पुड्या गेल्या पाहिजेत, एवढं बोलणं उचल घेतानाच व्हावं.

आणखी एक. उन्हाची सवय अंगाला लागते, पण तिला एक-दोन आठवडे लागतात. अमेरिकेतल्या कामगार खात्याची माहिती सांगते की कामावर उन्हानं गेलेल्यांपैकी जवळपास निम्मे कामाच्या पहिल्याच दिवशी गेले. म्हणून पुण्याहून सुट्टीला आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी उन्हात शेणखत पांगवायला लावू नका. नव्या माणसाला आधी थोडं काम द्या, मग वाढवत न्या.

आता गारठ्याकडं. शेतीची वीज रात्रीची आली की दारं धरायला रात्रीच जावं लागतं. पाय पाण्यात, अंगावर वारा. ओल्या अंगाला बर्फ पडायची गरज नसते. दहा-बारा अंशांतही शरीराचा पारा घसरतो आणि ३५ अंशांखाली गेला की धोका सुरू होतो. आधी माणूस काकडतो. मग बोबडी वळते, हातातलं खोरं निसटतं, चालताना अडखळतो, सुस्तावतो. काकडणं आपोआप थांबलं आणि तो शांत झाला, तर बरं वाटलं असं समजू नका. शरीर हरल्याची ती खूण आहे.

ओले कपडे काढा, कोरडे घाला, कानटोपीसकट गुंडाळा, जमिनीवरून गोधडीवर घ्या. छाती आणि पोटाला आधी ऊब द्या, हातपाय चोळू नका. शुद्धीत असेल तर गरम गोड चहा. दारू अजिबात नाही. तिनं कातडीला ऊब वाटते आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते. शेकोटी मोकळ्यावर चांगली. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून मात्र झोपू नका, तिचा वायू वासावाचून जीव घेतो. बाळंतिणीच्या खोलीतही ती नको.

तान्ह्या बाळाच्या पोटाला आणि तळपायाला हात लावून बघा. पाय थंड आणि पोट गरम, तर ऊब हवी. पोटही थंड लागलं तर वेळ घालवू नका, आशाताईला हाक मारा, दवाखाना गाठा. तोवर बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून गोधडी घ्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं खेड्यातल्याच बायकांना नवजात बाळांची अशी काळजी घ्यायला शिकवलं आणि बालमृत्यू खाली आणले. तीच रीत पुढे देशभरातल्या आशाताईंच्या कामात आली.

टोळ्या गेल्या की गावात म्हातारी माणसं उरतात. त्या महिन्यांत शेजाऱ्यानं सकाळी एकदा दार वाजवावं. १९९५ मध्ये शिकागोत उन्हाच्या लाटेत सातशेच्यावर माणसं गेली, त्यांत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचा भरणा होता. इतक्या श्रीमंत शहरात त्यांच्या दारावर थाप मारायला कुणी नव्हतं. आपल्याकडे अजून आहे.

मग करायचं काय? फार नाही. बाजाराच्या दिवशी जनावरांच्या बाजारात आणि बसथांब्यावर एकेक मांडव, पाण्याचे रांजण आणि एक ताडपत्री. ग्रामपंचायतीनं मांडव द्यावा, व्यापाऱ्यांनी पाणी, तरुण मंडळानं माणसं. रसवंतीवाल्यांनी फक्त एवढं कबूल करावं: कुणी पडलं तर बर्फाचे पैसे विचारणार नाही. ते नाही म्हणणार नाहीत, मला खात्री आहे. शाळेनं आठवी-नववीच्या मुलांकडून नाव, गाव, वार हे तीन प्रश्न पाठ करून घ्यावेत. बांधकामावर, रोजगार हमीच्या कामावर सावली आणि पाणी मागायला संकोच कशाला? मनरेगाच्या कायद्यातच पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची तरतूद केलेली होती.

आणि लग्नं. साडेबाराचा मुहूर्त, तो लागतो दीडला, वऱ्हाड टेम्पोत उभं, म्हाताऱ्या आत्याबाई मांडवाच्या कडेला उन्हात. मेमधलं लग्न गोरज मुहूर्तावर घ्यायला कुणाची हरकत असेल? भटजींची तरी नसावी. सभा घेणाऱ्या पुढाऱ्यांनाही हेच सांगू या, सगळ्या पक्षांच्या.

बंकटस्वामींच्या नावानं वारकऱ्यांत ओळखलं जाणारं हे गाव आहे. सप्ताहात इथं पंगती उठतात आणि बसतात, पाणी वाढणारी पोरं न सांगता धावतात. ज्या गावाला हे येतं, त्याला पाच माणसांनी ताडपत्री धरणं अवघड नाही. फक्त एकदा करून बघायला हवं. होळी झाली की उन्हं तापायला लागतात. पाडव्याच्या आधीचा एखादा बाजाराचा दिवस धरू या. रुग्णालयातल्या डॉक्टरांना आणि १०८ च्या गाडीवरल्यांना बोलावू या, आशाताईंना पुढं बसवू या, मुकादमांना खास निरोप देऊ या. ताडपत्री मी आणतो, बर्फाचं व्यापारी बघतील. पाण्यात झोपायला एक धडधाकट गडी लागेल, तो तरुण मंडळानं आत्ताच ठरवून ठेवावा.